डोंगरातली देग

कॉलेजात रुजू झाले त्याच आठवड्यात माझी पहिली फजिती झाली. बी.एस्सी.च्या मुलांना ऊर्ध्वपातन करून दाखवायचं होतं. फ्लास्कमध्ये पाणी उकळायचं, वाफ काचेच्या नळीतून न्यायची, नळी गार ठेवून त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं, इतकंच. पण प्रयोगशाळेतली बुचं जुनी, चिरा पडलेली. वाफ नळीत जायची सोडून बुचाच्या कडेनं फसफसत बाहेर यायला लागली. मी सांगलीकडची. नंदुरबार तोवर फक्त नकाशात पाहिलेलं. समोर तीस मुलं उभी, माझ्या चष्म्यावर वाफ धरलेली, आणि पुढं काय करायचं ते सुचेना.

मागून कोणीतरी सावकाश म्हणालं, "सरका मॅडम. आग बारीक करा जरा."

वळून पाहिलं तर निळा एप्रन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोक्यावर पांढरी ओढणी आणि हातात पिठाचा गोळा. आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर, हमीदाबी. सगळं कॉलेज त्यांना हमीदाआपा म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. त्यांनी तो गोळा लांब वळला, बुचाभोवती गुंडाळला आणि अंगठ्यानं दाबत दाबत पूर्ण वेढा घातला. फसफस थांबली. थोड्या वेळानं नळीच्या टोकाशी पहिला थेंब जमला, लोंबकळला आणि पडला.

"उडदाचं पीठ शे," त्या इकडच्या बोलीत म्हणाल्या. "रबर सुटस, हाई सुटत नही. मन्हा दादा असंच करे."

आणि त्या परीक्षानळ्या धुवायला निघून गेल्या. त्यांचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, कोण होते आणि पिठानं कशाची तोंडं बंद करत होते, ते समजायला मला पुढं दोन वर्षं लागली.

आपांचं सगळं काही नाकानं चालायचं. बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली असेल तर त्या बाटली उघडत नसत, नुसती हलवून बुचापाशी नाक नेत आणि नाव सांगत. वास घेताना डोळे मिटायच्या. कोणी मधे बोललं की हात वर करायच्या, "जरा थांबा, वास बसू द्या." एकदा एक मुलगा प्रात्यक्षिकाला उशिरा आला म्हणून मी त्याला दारातच उभा केला होता. आपा त्याच्या शेजारून गेल्या, दोन पावलं मागं आल्या आणि म्हणाल्या, "घरमा कोन आजारी शे रे? तुन्हा कपडास्मा दवाखानाना वास शे." त्याची आई चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती. दोन दिवस तो तिच्या उशाशी बसून होता आणि तिथूनच सरळ आला होता. मला सांगायची त्याची छाती झाली नव्हती. आपांनी त्याला आपल्या थर्मासमधला चहा पाजला आणि गाडीत बसवून परत धाडला.

हिवाळ्यात मिरचीचा हंगाम सुरू झाला की गावाबाहेरची मैदानंच्या मैदानं लाल होतात. वारा फिरला की अर्धं नंदुरबार शिंकत असतं. त्या दिवसांत आपा ओढणी ओली करून तिपदरी नाकावर बांधत. "नाक सांभाळावं लागतं, मॅडम," म्हणत. ओढणीवर फक्त त्यांचे डोळे दिसत, पाणावलेले. खिडकीबाहेर तो लाल धुरकट उजेड आणि आत पांढऱ्या ओढणीतल्या आपा, एकेक काचनळी उजेडाकडं धरून पुसताना. नंदुरबार म्हटलं की आजही मला आधी हेच दिसतं.

त्यांच्या कपाटात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. एका पावसाळी दुपारी मुलं आलीच नाहीत, तेव्हा त्यांनी तो माझ्यासमोर उघडला. आत मुलांनी वापरून टाकलेले गाळणकागद होते. धुऊन, वाळवून, पुस्तकाखाली दाबून सरळ केलेले ते पांढरे गोल. प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं एक वळणावळणाची रेघ, रेघेच्या पोटाशी एक फुली, आणि शेजारी उर्दूत दोन ओळी. वीस-बावीस तरी असतील.

"हाई काय शे, आपा?" मी त्यांच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला. त्या हसल्या.

"ही रेघ म्हणजे नाला. फुली म्हणजे भट्टी. रोशाची."

सातपुड्याच्या उतारावर रोशा नावाचं गवत होतं. कमरेएवढं उंच, पावसाळा सरताना त्याला तांबूस तुरे येतात. हातात चुरगाळलं की गुलाबाजवळचा काहीतरी वास येतो. एके काळी या गवताचं तेल काढायचा मोठा धंदा या भागात होता, आणि तो नंदुरबारची काही मुसलमान घरं करायची. पाऊस उघडला की ही माणसं बैलगाडीत तांब्याच्या मोठ्या देगा घालून डोंगराकडं निघायची. वाहता नाला बघून काठावर दगडांची भट्टी रचायची. देगेत गवत आणि पाणी ठासायचं, झाकण ठेवून उडदाच्या पिठानं सांधा बंद करायचा, झाकणातून वेळूची पोकळ नळी काढून तिचं दुसरं टोक नाल्यात बसवलेल्या तांब्याच्या सुरईत सोडायचं. खाली आग, पलीकडं गार वाहतं पाणी. सुरईत पाणी जमायचं आणि पाण्यावर तेलाचा पिवळा पापुद्रा. ते तेल इथून मुंबईला आणि तिथून बोटीनं अरबस्तानात, तुर्कस्तानात जायचं. तिकडं ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत.

"लोकं समजायचे गुलाब शे," आपा म्हणाल्या, "आणि असायचं आमच्या तोरणमाळच्या उतारावरचं गवत."

मग धंदा बसला. देगा मोडीत गेल्या, नाल्याकाठचे दगड पांगले. आपा रविवारी, सुटीच्या दिवशी एसटीनं जाऊन त्या जागा शोधत हिंडायच्या. नवरा होता तोवर तो बरोबर असायचा, तो गेल्यावर एकट्या. ओढ्याचं वळण बघायच्या, कारण सुरई बसवायला संथ पाणी लागतं. काठावर पाटाएवढे दगड, एका बाजूनं काळे. त्यांच्यामध्ये माती विटेसारखी लाल. हातभर उकरलं की राख. चिमूटभर माती तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि डोळे मिटून हुंगायचं. जमिनीतून जुन्या गोष्टी काढणारी शिकलेली माणसंही जवळजवळ हेच करतात हे मला बऱ्याच नंतर कळलं. आपांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्या हे सगळं कशासाठी करतात, ते त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. बाहेर पाऊस होता, बोलताना त्या गाळणकागद पुन्हा एकावर एक रचत होत्या.

दादा दर वर्षी पाऊस उघडला की जायचे आणि होळीच्या आधी तेल घेऊन परत यायचे. एका वर्षी ते आलेच नाहीत. ज्यांच्यासाठी तेल काढायचे त्यांनी काही महिने वाट पाहिली, मग बाजारात बोललं जायला लागलं. तेल गुजरातेत विकलं, सुरतेत दुसरं घर केलं. घरची माणसं शोधायला गेली तीही सुरतेलाच. डोंगराकडं कोणी गेलंच नाही. आपांचे वडील तेव्हा रांगत होते. त्यांच्या मोठ्या बहिणीला, जैनबफुफीला, समज आली होती; ती सात-आठ वर्षांची होती. नळावर बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, हिचा बाप पळाला. तिचं लग्नही त्यावरून बरंच रखडलं. फुफी अजून होत्या, पंचाऐंशीच्या पुढं, आपांच्याच घरी खाटेवर. सगळ्या आयुष्यात त्यांनी वडिलांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"दादा पळाले असतील तर पळाले," आपा म्हणाल्या. "पण मला त्यांची भट्टी तर सापडू दे. शेवटची आग विझवून गेले का तशीच टाकून गेले, तेवढं तर दिसेल."

त्या किती खऱ्या होत्या ते मी खांडबाऱ्याला पाहिलं. जुन्या उद्योगांवर संशोधन करणारे एक गृहस्थ पुण्याहून आले होते. प्राचार्यांनी मोठ्या अभिमानानं आपांची ओळख करून दिली आणि खांडबाऱ्याजवळची एक भट्टी दाखवायचं ठरलं. आपांच्या डब्यात तिचा गाळणकागद होता. जीप सांगितली, हार आणला, वार्ताहर बोलावला. जागेवर पोचलो, पाहुण्यांनी कॅमेरा काढला. आपांनी सवयीनं उकिडवं बसून माती तळहातावर घेतली, पाणी टाकलं, डोळे मिटले.

"जरा थांबा."

आम्ही थांबलो. बराच वेळ गेला. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. आपा उठल्या, पाच-सात पावलं पुढं गेल्या, काठीनं माती उकरली, आणखी पुढं गेल्या, तिथंही उकरली. एका रांगेत लहान लहान चुलींच्या खुणा निघाल्या.

"साहेब," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "हाई रोशानी भट्टी नही. काथनी शे. खैराचं लाकूड शिजवायचे ते लोक, अशा ओळीनं चुली लावून. मागच्या वेळी मी एकच चूल पाहिली. मन्ही चूक व्हयनी."

प्राचार्य त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आपा, आजच कशाला? नंतर सांगता आलं असतं."

"सर, उद्या छापून येईल ना."

परतताना जीपमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. नवापूरच्या बाजूला ढग उतरले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चुकीचं एकदा बोललं गेलं की किती दिवस राहतं, मला माहीत शे मॅडम. घरात फुफी शे ना." पाहुणे मात्र खूश होते. काथाच्या भट्टीबद्दल त्यांनी आपांना इतकं विचारलं की हार जीपमध्येच राहून गेला.

त्या वर्षी दिवाळीनंतर आपा एका सोमवारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या. तोरणमाळच्या घाटातून कापून आणला होता. "एकदा तुम्हाला दाखवते," म्हणाल्या. दुपारचं प्रात्यक्षिक संपल्यावर मोठ्या फ्लास्कमध्ये गवत चुरून भरलं, पाणी घातलं, सांध्यांना उडदाचं पीठ लावलं. मी बर्नर मोठा करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "पळवू नका त्याला. आपल्या पायानं येऊ द्या."

दोन तास गेले. खिडकीतून ऊन कलतं होत टेबलावर आलं. चंचुपात्रातल्या पाण्यावर एक पातळ पिवळी कडा जमली, उन्हात ती सोन्यासारखी हलत होती. आणि मग वास. गुलाब, ओलं गवत, मधेच आल्याचा तिखटपणा. तो प्रयोगशाळेतून बाहेर पडला, व्हरांड्यातून गेला, जिना उतरला. कार्यालयातला टाइपरायटरसारखा वाजणारा जुना प्रिंटर थांबला. प्राचार्य दारात येऊन उभे राहिले, विचारायला आले होते ते विसरले, आणि तसेच परत गेले. आपा स्टुलावर बसून होत्या, डोळे मिटून. मला वाटतं, तो वास त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एवढा भरून घेतला असेल. त्यांच्या वडिलांनाही तो माहीत असायचं कारण नव्हतं.

दारात रमिला उभी होती. रमिला वसतिगृहात राहणारी मुलगी, घर तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. पावरी ही डोंगरातली आदिवासी बोली बोलणारी. वर्गात दोन वर्षांत तिनं स्वतःहून तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, हे गवत आमच्याकडे आहे," ती पुस्तकी मराठीत म्हणाली. "आमच्या शेतात एक जागा आहे. तिला तेलवाल्याची जागा म्हणतात. तिथे नांगर घालत नाहीत."

"का?" मी विचारलं.

"आजोबांना माहीत आहे."

आपांनी बर्नर बंद केला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या काचेची भांडी न धुता घरी गेल्या.

रविवारी आम्ही तिघी निघालो. शहाद्यापर्यंत एसटी, पुढं काळी-पिवळी जीप, मग तासभर पायवाट. केळीचे मळे आणि ऊस मागं राहिले, जमीन उंच व्हायला लागली. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. समोरचे डोंगर एकामागं एक फिकट होत गेलेले. वाटेत एक नाला लागला, तिथं आपा थांबल्या. वळण होतं, संथ पाणी होतं. काठावरचे दगड त्यांनी लांबूनच पाहिले, पण उकरायला गेल्या नाहीत. पुढं चालू लागल्या.

रमिलाचे आजोबा जामसिंगबाबा सत्तरीचे असतील. ते पावरीत बोलत, रमिला आम्हाला मराठीत सांगे. त्यांनी आम्हाला शेतात नेलं. मका काढून झाला होता. नाल्याकडच्या कोपऱ्यात बाजेएवढी जागा न नांगरलेली, कडेनं दगड लावलेले.

"माझ्या आईनं सांगितलेलं सांगतो," बाबा म्हणाले. "दर वर्षी एक तेलवाला यायचा. म्हाताऱ्यांच्या गुडघ्याला तेल द्यायचा, कोणाकडून काही घ्यायचा नाही. एका वर्षी त्याला ताप भरला. बरोबरचा गाडीवाला घाबरून निघून गेला, तो पुन्हा कधी दिसला नाही. आईनं आणि काकांनी त्याला उचलून घरात आणलं. चार दिवस होता. आई त्याला पेज पाजायची, पाणी पाजायची."

आपा उभ्या होत्या. त्यांनी ओढणीचं टोक हातात घट्ट धरलं होतं.

"त्याची बोली आम्हाला फार कळायची नाही. शेवटी शेवटी तो एकच शब्द म्हणायचा, 'जैनू, जैनू.' आई म्हणायची, त्याच्या देवाचं नाव असेल. हे लोक जाळत नाहीत, पुरतात, एवढं आम्हाला माहीत होतं. म्हणून इथं खड्डा केला. काय म्हणायचं असतं ते ठाऊक नव्हतं. मग सगळ्यांनी तेच म्हटलं. जैनू, जैनू, जैनू."

रमिलानं हे मराठीत सांगितलं आणि ती आपांच्या तोंडाकडं बघून थांबली. आपा खाली बसल्या. त्यांनी न नांगरलेल्या मातीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. माती उचलली नाही, हुंगलीही नाही. मी दोन पावलं मागं सरकले.

थोड्या वेळानं आपांनीच विचारलं, "आणि तेल?"

तेल दोन सुरया भरून होतं. पाड्यानं एक हंगाम वाट पाहिली, गावाकडून कोणी येईल म्हणून. कोणी आलं नाही. मग ज्याचे गुडघे धरले त्यानं थोडं थोडं नेलं. दोन-तीन वर्षं पुरलं. सुरया पुढं कुठं गेल्या ते बाबांना सांगता येईना.

"पण देग आहे," ते म्हणाले.

घरामागच्या पडवीतून दोन माणसांनी ती आणली. बाहेरून काजळीनं काळीकुट्ट, दोन मुलं आत बसतील एवढी. पाड्यावरचं प्रत्येक लग्न याच देगेतल्या डाळीवर झालं होतं, बाबांचं स्वतःचंसुद्धा. आपा तिच्याभोवती फिरल्या. काठावर बोट फिरवत गेल्या आणि एके ठिकाणी थांबल्या. काठाला आतून एक पन्हळ होती, बोटाच्या पेराएवढी. डाळीच्या भांड्याला अशी पन्हळ कशाला असेल? ती झाकण बसवायची, पीठ भरायची जागा. मग त्यांनी डोकं देगेत घातलं. आतून त्यांचा आवाज घुमत आला.

"डाळ!" आणि त्या हसायला लागल्या. डोकं बाहेर काढलं तेव्हा गाल ओले होते, आणि हसणं थांबत नव्हतं. बाबाही हसले, रमिला हसली.

"तुमची आहे," बाबा म्हणाले. "घेऊन जा. आम्ही पोचवून देऊ."

"नको बाबा. आता ती तुमची शे." त्यांनी पुन्हा आत वाकून पाहिलं. "पण अशी वापरू नका. आतली कलई गेली शे. तांबं उघडं पडलंय, ते पोटात जाईल. पुढचं लग्न कधी?"

होळीनंतर होतं, रमिलाच्या चुलतबहिणीचं.

"त्याच्याआधी मी येते," आपा म्हणाल्या.

निघताना त्यांनी पर्समधून एक कोरा गाळणकागद काढला, त्यात त्या जागेची मूठभर माती बांधली आणि पुडी जपून ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्या मला घरी घेऊन गेल्या. एकटीनं सांगायचा धीर होत नव्हता असं मला वाटतं, त्यांनी तसं म्हटलं मात्र नाही. अरुंद गल्ली, दारासमोर पायरी, आत खाटेवर जैनबफुफी. एवढ्याशा उरलेल्या, पण नजर शाबूत. आपा खाटेच्या कडेला बसल्या.

"फुफी, दादा मिले."

"कौन दादा?"

"तुम्हारे अब्बा."

फुफींनी मान भिंतीकडं वळवली. आपा बोलत राहिल्या. ताप, चार दिवस, ते घर, तो खड्डा. मधे एकदाही फुफींनी मान हलवली नाही. मला वाटलं, त्यांना ऐकू तरी येतंय की नाही. मग भिंतीकडं बघतच त्यांनी विचारलं, "पानी पिलाया किसीने?"

"पिलाया. उस घर की माँ ने पिलाया."

"भागे नई थे?"

"नई, फुफी. वहीं थे. तुम्हारा नाम लेते थे. जैनू, जैनू. वो लोग समझे, अल्लाह का नाम है. मिट्टी देते वखत सबने वोईच बोला."

फुफी हळूहळू वळल्या. आपांनी ती पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही, मुठीत धरली. ओठ हलले, काय म्हणाल्या ते कळलं नाही. मग त्या एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जा, गल्ली में बोल के आ."

"अब किसको बोलूँ, फुफी? उस वखत का तो कोई..."

"जोर से बोल के आ."

आपांनी प्रयोगशाळेत कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्या उठल्या, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीत शाळेतून येणारी मुलं होती, मोबाइलच्या दुकानात दोन पोरं होती, भाजीची एक हातगाडी होती. ज्यांनी ते बोललं होतं त्यांच्यापैकी कोणी नव्हतं, त्यांची घरंही बदलली होती.

"मेरे दादा भागे नहीं थे!" आपा ओरडल्या. आवाज मधेच चिरकला. "बीमार थे! पहाड़ में गुजर गए!"

मुलं थांबली. भाजीवाला वांगी तोलत होता, तराजू हातात धरूनच म्हणाला, "काय झालं, आपा?"

आणि आपांनी त्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, देग, भट्टी, ताप, सगळं. तो गिऱ्हाईक सोडून ऐकत राहिला, वांगी तराजूतच. गिऱ्हाईक बाईही ऐकत राहिली. शेवटी तो म्हणाला, "बरं झालं आपा, सापडले." आत फुफी खाटेवर उठून बसल्या होत्या आणि दाराकडं कान देऊन एकेक शब्द ऐकत होत्या.

त्या हिवाळ्यातच फुफी गेल्या. ती पुडी त्यांच्याबरोबर दिली, असं आपांनी मला सांगितलं.

मार्चमध्ये माझी बदली आली, संस्थेच्या सांगलीकडच्या कॉलेजात. शेवटच्या रविवारी आपा म्हणाल्या, "चला, पाड्यावर जाऊन येऊ. लग्न जवळ आलं." त्यांच्या खांद्यावर एक जड पिशवी होती. पाड्यावर पोचल्यावर ती उघडली, तेव्हा आतून एक लहान भाता निघाला, कथलाच्या कांड्या निघाल्या, नवसागराची पुडी, कापूस. त्यांचा नवरा कलई करायचा, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

मोहाच्या झाडाखाली कोळसा पेटवला. देग वाळूनं आणि चिंचेनं आधीच घासून ठेवली होती. ती आगीवर तिरकी केली, एक बाई भाता ओढायला बसली. मोहाची फुलं गळत होती, त्यांचा गोडसर वास सगळीकडं होता. तांबं तापलं तसं आपांनी नवसागर टाकला, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि त्या त्यात दिसेनाशा झाल्या. धूर विरळ झाला तेव्हा त्या कापसाचा बोळा घेऊन वितळलेलं कथील आत पसरत होत्या. हात जाईल तिथं लाल तांबं चंदेरी होत होतं. बायका जवळ सरकल्या, एकमेकींच्या खांद्यावरून वाकून आत बघायला लागल्या. जामसिंगबाबाही काठी टेकत आले आणि वाकले. आपा त्यांना दिसावं म्हणून जरा बाजूला झाल्या.

खालून जीपचा भोंगा वाजला. शहाद्याची शेवटची जीप होती. आपा त्या दिवशी तिथंच राहणार होत्या, मला परतणं भाग होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी जवळ गेले, पण धुरानं दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांचे हात मोकळे नव्हते.

"निघा मॅडम," त्या म्हणाल्या. "जीप जाई ऱ्हायनी."

मी उतारावरून पळतच गेले. वळणावर एकदा मागं पाहिलं. मोहाखालून धूर सरळ वर जात होता. देगेची एक बाजू अजून तांबडी राहिली होती, आणि आपा दोन बायकांच्या मदतीनं ती बाजू आगीवर वळवून घेत होत्या.